मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर बदलूनही तीच तक्रार परत येते तेव्हा

सकाळी बटण दाबल्यावर पंखा फिरतो, कॅबिनेटवरचा दिवा लागतो, पण पडद्यावर काहीच उमटत नाही. दोन-तीन वेळा बंद-चालू केल्यावर संगणक सुरू होतो आणि एकदा तापला की संध्याकाळपर्यंत विनातक्रार चालतो. पुढे काही आठवड्यांनी, मोठी फाइल उघडताना किंवा छपाई चालू असताना, तो आपोआप रीस्टार्ट होऊ लागतो आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद वारंवार दिसू लागते. ही नोंद यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले एवढेच सांगते, कारण सांगत नाही. तरीही थंड असताना सुरू न होणे आणि भार आल्यावर रीस्टार्ट होणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर प्रोसेसरभोवतीच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांकडे, म्हणजे वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या दंडगोल डब्यांकडे, सर्वप्रथम पाहावे.

बहुतेक ठिकाणी पुढे घडते ते असे. दुरुस्ती करणारा कॅबिनेट उघडतो, फुगलेला एक कपॅसिटर त्याला दिसतो, तो काढून दुसरा बसवला जातो आणि संगणक सुरू होतो. चार-सहा महिन्यांनी तीच तक्रार परत येते, शेजारचा कपॅसिटर फुगलेला असतो, आणि ‘बोर्डच खराब आहे’ असा निष्कर्ष काढून बोर्ड भंगारात जातो. हा निष्कर्ष अनेकदा चुकीचा असतो. दुरुस्ती टिकत नाही याला सहसा तीन कारणे असतात: एकाच संचातील जुने कपॅसिटर तसेच ठेवलेले असतात, बदललेला भाग त्या जागेला योग्य नसतो, आणि ज्यामुळे मूळ कपॅसिटर खराब झाला ते कारण जागच्या जागी राहते.

जुन्या बोर्डावर इतका वेळ का घालवावा, असा प्रश्न रास्त आहे. परंतु पतसंस्थांमधील पासबुक प्रिंटर, छापखान्यांतील पॅरलल पोर्टला लावायची डाँगल असलेली जुनी सॉफ्टवेअर, प्रयोगशाळांतील सीरियल पोर्टवर चालणारी उपकरणे ही सारी अजून कामात आहेत, आणि त्यांना लागणारी जोडणी असलेला नवा बोर्ड सहज मिळत नाही. अशा ठिकाणी काही रुपयांच्या सुट्या भागांनी आणि काळजीपूर्वक केलेल्या कामाने चालू व्यवस्था वाचते.

हे कपॅसिटर नेमके काय करतात

एसएमपीएसमधून (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीतून) चार किंवा आठ पिनांच्या स्वतंत्र कनेक्टरवाटे १२ व्होल्ट मदरबोर्डवर येतात. प्रोसेसरला मात्र साधारण एक ते दीड व्होल्टच्या दरम्यानचा दाब लागतो. मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच दर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होऊन तो दाब खाली आणतात, आणि तोडून आलेला हा प्रवाह कॉइल व कपॅसिटर मिळून सपाट करतात. ६५ वॅटचा प्रोसेसर १.३ व्होल्टवर चालत असेल, तर पूर्ण भाराला तो सुमारे ५० अँपिअर प्रवाह घेतो, आणि ही मागणी क्षणार्धात कमी-जास्त होते. मागणी एकदम वाढली की कॉइलमधून वाढीव प्रवाह येईपर्यंतची तूट कपॅसिटरांना भरून काढावी लागते.

ही तूट किती चटकन भरून निघेल, हे मायक्रोफॅरडमधील क्षमतेपेक्षा कपॅसिटरच्या अंतर्गत रोधावर, म्हणजे ईएसआरवर, अधिक अवलंबून असते. आतील इलेक्ट्रोलाइट (वीजवाहक द्रव) हळूहळू सुकतो तसा ईएसआर वाढतो. वाढलेल्या रोधातून तोच प्रवाह वाहताना उष्णता अधिक निर्माण होते, आणि त्या उष्णतेने इलेक्ट्रोलाइट आणखी वेगाने सुकतो. थंडीत ईएसआर मुळातच जास्त असतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे सकाळी ही तक्रार हमखास वाढते, आणि यंत्र तापल्यावर ती नाहीशी झाल्यासारखी वाटते.

संचातील एकच कपॅसिटर का बदलू नये, याचे उत्तरही यातच आहे. प्रोसेसरच्या बाजूचे चार-सहा कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. त्यांतील एकच नवा, कमी रोधाचा असेल, तर बदलत्या प्रवाहाचा मोठा वाटा त्याच्यावर पडतो. जुने थकलेले तसेच राहतात आणि नवा त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त राबतो. काही महिन्यांत सगळे पुन्हा त्याच अवस्थेत येतात.

सन २००० नंतरच्या काही वर्षांत तैवानमध्ये बनलेल्या अनेक कपॅसिटरांत इलेक्ट्रोलाइटची घडणच सदोष होती. त्यातील पाण्याची ॲल्युमिनियमशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होत असे आणि फारसे न वापरलेले बोर्डही एक-दोन वर्षांत निकामी होत असत. आज दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांत हा दोष क्वचितच मूळ कारण असतो. उष्णता, धूळ, वय आणि खराब एसएमपीएस हीच कारणे जास्त आढळतात.

आधी इतर शक्यता दूर करा

कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी सोपे तपास पूर्ण करावेत. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने स्वच्छ कराव्यात आणि एकेक रॅम वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहावी. सीआर २०३२ बॅटरीचा दाब मोजावा. नव्या बॅटरीला तो ३ व्होल्टच्या आसपास असतो. घड्याळ मागे पडणे आणि बायोसच्या (बोर्डवरील सुरुवातीच्या प्रणालीच्या) सेटिंग विसरणे ही या बॅटरीची लक्षणे आहेत, भाराखाली रीस्टार्ट होणे हे नाही.

एसएमपीएसची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि शक्य असेल तर ती खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावूनच करावी. मल्टिमीटरने मोजताना १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टची ३.१४ ते ३.४७ या मर्यादेत असावी. हे मोजमाप संगणक चालू असताना, भार असताना करावे. हिरवी तार काळ्या तारेला जोडून मोकळ्या एसएमपीएसचे मोजलेले दाब बरोबर आले तरी त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, दाबावरील तरंग दाखवत नाही. एटीएक्स या संगणक-पुरवठ्याच्या मानकानुसार १२ व्होल्टवरील तरंग १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टवरील तरंग ५० मिलिव्होल्ट यांच्या आत हवे. ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. तो नसेल तर दुसरा एसएमपीएस हाच भरवशाचा मार्ग. एसएमपीएस उघडून त्यात डोकावण्याचा मोह मात्र टाळावा, कारण २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ टिकू शकतात.

डोळ्यांनी तपासणी

बोर्ड कॅबिनेटमधून पूर्ण बाहेर काढावा. आत असताना केलेली पाहणी अर्धवट राहते, कारण प्रोसेसरच्या कूलरखाली आणि मागच्या पोर्टांलगत असलेले कपॅसिटर दिसतच नाहीत. कपॅसिटरच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हाच्या (+), इंग्रजी के किंवा वायच्या आकाराच्या खाचा असतात. आतील दाब वाढल्यावर त्या ठिकाणी ते फुटावे, अशी ती सोय असते. हे डोके सपाट असले पाहिजे. एखादी सरळ पट्टी किंवा जुने एटीएम कार्ड उभे धरून शेजारच्या दोन डोक्यांवरून फिरवले तर डोळ्यांना न जाणवणारा फुगवटाही पट्टी डुलते त्यावरून कळतो. खाचांवर तपकिरी, सुकलेला थर असेल तर तो बाहेर आलेला इलेक्ट्रोलाइट आहे.

काही कपॅसिटर वरून फुगत नाहीत, खालून गळतात. बुडाचे रबर बाहेर ढकलले गेल्याने असा कपॅसिटर बोर्डापासून किंचित वर उचललेला किंवा तिरका दिसतो, आणि त्याच्या पायाशी हिरवट किंवा तपकिरी डाग असतो. येथे एक सावधगिरी बाळगावी. मोठे भाग हलू नयेत म्हणून काही बोर्डांवर कारखान्यातच डिंकासारखा पदार्थ लावलेला असतो आणि तो वयाने पिवळट-तपकिरी होतो. टूथपिकने टोचून पाहिल्यास डिंक लवचीक किंवा कडक एकसंध थर म्हणून उचकटतो, इलेक्ट्रोलाइटचा थर मात्र कवचासारखा चुरतो आणि त्याखाली तांब्यावर गंज आढळतो.

एलजीए ७७५ या जुन्या प्रकारच्या प्रोसेसर-सॉकेटच्या एका बोर्डवर हा फरक स्पष्ट दिसला होता. प्रोसेसरच्या डाव्या बाजूला ६.३ व्होल्ट, १५०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर ओळीने होते आणि त्यांपैकी एकच ठळकपणे फुगला होता. सर्व काढून मोजल्यावर फुगलेल्याइतकाच वाईट ईएसआर त्याच्या शेजारच्या, डोके अगदी सपाट असलेल्या कपॅसिटरचा निघाला. तो कूलरच्या गरम हवेच्या सरळ झोतात होता. ओळीच्या टोकाचे, सॉकेटपासून दूर असलेले दोन बऱ्यापैकी टिकून होते. म्हणून डोके सपाट दिसते एवढ्यावरून कपॅसिटर चांगला ठरवू नये.

मोजमापाच्या मर्यादा

बोर्डवर असतानाच कपॅसिटर मोजल्यास समांतर जोडलेल्या सर्वांचे एकत्रित उत्तर मिळते, आणि खराब भाग चांगल्यांच्या आड लपतो. म्हणून एक पाय तरी सोडवून मोजावे. नुसत्या मल्टिमीटरवरील क्षमतेच्या आकड्यावर विसंबू नये. गळती असलेला फुगीर कपॅसिटर कधीकधी छापील क्षमतेपेक्षा जास्त आकडा दाखवतो. ईएसआर मोजणारा साधा कॉम्पोनंट टेस्टर परवडणाऱ्या किमतीत मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. क्षमतेत २० टक्क्यांची तफावत मान्य असते, म्हणजे १५०० मायक्रोफॅरडचा भाग १२०० ते १८०० दाखवू शकतो. या जागी वापरायच्या कमी रोधाच्या कपॅसिटरचा ईएसआर ओहमच्या काही शतांश भागांइतका असतो. तो अर्ध्या ओहमच्या पुढे गेला असेल तर भाग निकामी समजावा.

कंटिन्युइटीवर (जोडणी असल्यास बीप देणाऱ्या सेटिंगवर) मल्टिमीटर ठेवून प्रोसेसरच्या कॉइलपासून ग्राउंडकडे तपासताना मीटर बीप करतो आणि नवशिक्याला ‘शॉर्ट’ सापडल्याचे वाटते. प्रोसेसर बसवलेला असताना त्या मार्गाचा रोध मुळातच अगदी कमी असतो. प्रोसेसर काढून पुन्हा मोजावे. त्यानंतरही रोध शून्याजवळच राहिला तर मात्र मॉस्फेट किंवा छोटा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट झाल्याची शक्यता आहे, आणि तो प्रश्न केवळ इलेक्ट्रोलिटिक बदलून सुटणारा नाही.

योग्य भाग निवडणे

दुरुस्ती टिकण्या-न टिकण्याचा निर्णय बहुधा इथेच होतो. रेडिओ किंवा ॲम्प्लिफायरसाठी मिळणारा साधा १५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या जागी बसेल, संगणक सुरूही होईल, पण त्याचा ईएसआर जास्त असल्याने तो लवकर तापून फुगेल. विकत घेताना क्षमता आणि व्होल्टेज यांपुरतेच न थांबता त्या मालिकेची डेटाशीट (उत्पादकाचे माहितीपत्रक) उघडून १०० किलोहर्ट्झला दिलेला रोध आणि सोसता येणारा रिपल, म्हणजे बदलता, प्रवाह पाहावा, आणि १०५ अंश सेल्सिअसचाच भाग घ्यावा. पॅनासॉनिकची एफआर किंवा रुबिकॉनची झेडएलएच या मालिका अशा कामाला वापरल्या जातात. क्षमता मूळ भागाइतकी किंवा थोडी अधिक चालते. व्होल्टेज मूळ भागापेक्षा जास्त चालते, कमी कधीही चालत नाही.

आकाराकडेही लक्ष द्यावे. ८ मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरच्या पायांतील अंतर ३.५ मिलिमीटर आणि १० मिलिमीटर व्यासाच्या कपॅसिटरचे ५ मिलिमीटर असते. दाटीवाटीच्या जागी मोठा भाग तिरका बसवला तर त्याचे पाय ताणले जातात आणि कूलर बसवताना तो अडतो, म्हणून उंचीही आधीच मोजून ठेवावी.

प्रोसेसरच्या कोअर पुरवठ्यासाठी, म्हणजे वर सांगितलेल्या एक ते दीड व्होल्टच्या मार्गासाठी, सॉलिड पॉलिमर कपॅसिटर हा उत्तम पर्याय आहे. त्यात सुकण्यासारखा द्रव नसतो आणि रोध फार कमी असल्याने १५०० मायक्रोफॅरडच्या जागी ८२० मायक्रोफॅरडचा पॉलिमरही सहसा पुरतो. मात्र २.५ व्होल्टचा पॉलिमर फक्त कोअरच्या बाजूलाच वापरावा. तोच चुकून ३.३, ५ किंवा १२ व्होल्टच्या मार्गावर लागला तर तो शॉर्ट होऊन शेजारचे भागही घेऊन जाईल. प्रत्येक कपॅसिटर कोणत्या मार्गावर आहे हे त्याचा धन पाय एसएमपीएसच्या तारेशी किंवा कॉइलशी जोडलेला आहे का, हे मीटरने तपासून ठरवावे आणि कागदावर बोर्डाचे चित्र काढून लिहून ठेवावे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे भाग मिळतात, पण जुन्या बोर्डांवरून काढलेले आणि नवे आवरण चढवून विकले जाणारे कपॅसिटरही बाजारात असतात. पाय आखूड कापलेले किंवा त्यांवर सोल्डरचा अंश असेल तर तो भाग घेऊ नये. खरेदी कोठूनही केली तरी बसवण्यापूर्वी प्रत्येक भाग टेस्टरवर मोजावा. याला अपवाद करू नये.

काढणे आणि बसवणे

मदरबोर्ड अनेक थरांचा असतो आणि आतील ग्राउंडचा तांब्याचा थर उष्णता झपाट्याने ओढून घेतो. त्यामुळे घरोघरी असलेल्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ऋण पायाचे सोल्डर वितळतच नाही, माणूस जोर लावतो आणि छिद्रातील तांब्याचे अस्तर पायाबरोबर उपटून येते. असे झाल्यास बोर्ड वाचवणे अवघड होते. किमान ६० वॅटचे, तापमान राखणारे आयर्न आणि रुंद चपटी बिट घ्यावी, तापमान ३७० ते ४०० अंशांच्या दरम्यान ठेवावे. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांवर शिसेविरहित सोल्डर असते आणि ते सुमारे २१७ अंशांच्या पुढे वितळते. त्यावर आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून ६३/३७ प्रतीचे शिसेयुक्त ताजे सोल्डर मिसळले, तर मिश्रण कमी तापमानाला वितळते आणि काम निम्मे सोपे होते. खिडकी उघडी ठेवावी आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

एका पायाला मागून उष्णता देत कपॅसिटर हलक्या हाताने एका बाजूला कलवावा, मग दुसऱ्या पायाला उष्णता देऊन उलट बाजूला कलवावा, आणि असे करत तो थोडा थोडा वर आणावा. ओढू नये. छिद्रे मोकळी करताना सकरने (वितळलेले सोल्डर ओढून घेणाऱ्या पंपाने) काम भागले नाही तर पुन्हा सोल्डर भरून, पूर्ण वितळू देऊन, दुसऱ्या बाजूने लाकडी टूथपिक घालावी. धातूची टोकदार वस्तू फिरवून छिद्र कोरू नये, कारण आतले अस्तर खरवडले जाते आणि मधल्या थरांशी असलेला संपर्क तुटतो. हे तुटणे वरून दिसत नाही. गळलेला इलेक्ट्रोलाइट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पूर्ण स्वच्छ करून बोर्ड वाळवावा, मगच नवा भाग बसवावा.

ऋण-धन बाजूंबाबत कोणताही अंदाज नको. कपॅसिटरच्या अंगावरील पट्टा ऋण बाजू दाखवतो. बोर्डवरील वर्तुळाचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक बोर्डांवर ऋण असतो, पण काही बोर्डांवर तो धन बाजूसाठी वापरलेला असतो. जुना भाग काढण्यापूर्वी भरपूर उजेडात स्पष्ट छायाचित्र घ्यावे, आणि छिद्र कॅबिनेटच्या स्क्रूच्या चकतीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडलेले आहे का हे मीटरने पाहून खात्री करावी. उलटा बसलेला इलेक्ट्रोलिटिक तापून फुटतो आणि त्यातील द्रव डोळ्यांत उडू शकतो; पहिल्यांदा चालू करताना चष्मा घालावा आणि बोर्डावर वाकून पाहू नये.

मूळ कारण आणि चाचणी

१०५ अंशांना २००० तासांचे आयुष्य असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर राहिला तर ढोबळ नियमाने सुमारे ३२,००० तास टिकतो, कारण तापमान दर १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. हीच गणना उलट दिशेनेही लागू होते. म्हणून कूलरच्या पत्र्यांत साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, मंदावलेला पंखा आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कॅबिनेट यांकडे दुर्लक्ष करून केवळ कपॅसिटर बदलणे ही अर्धीच दुरुस्ती आहे. संशयास्पद एसएमपीएस तसाच परत लावू नये. त्याच्या खराब तरंगांचा भार सर्वप्रथम बोर्डावरील १२ व्होल्टच्या कपॅसिटरांवर येतो, म्हणून तेही याच वेळी बदलावेत.

बोर्ड जोडल्यावर पहिली चाचणी हार्ड डिस्कशिवाय करावी. काळी प्रोब एसएमपीएसच्या काळ्या तारेत अडकवून लाल प्रोब कॉइलच्या प्रोसेसरकडील टोकाला काळजीपूर्वक टेकवावी. बायोसमध्ये दिसणाऱ्या आकड्याशी तो दाब जुळला पाहिजे आणि स्थिर राहिला पाहिजे. नंतर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवावा, मग प्रोसेसरवर काही तास पूर्ण भार द्यावा आणि त्या वेळी नव्या कपॅसिटरांना हात न लावता, इन्फ्रारेड थर्मामीटर असल्यास त्याने तापमान पाहावे. एखादा शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे गरम असेल तर त्याचा जोड किंवा तो भाग पुन्हा तपासावा. शेवटची आणि निर्णायक चाचणी म्हणजे रात्रभर पूर्ण बंद ठेवलेले यंत्र सकाळी पहिल्याच बटणाला सुरू होते का, ही. ती सलग काही सकाळी यशस्वी झाल्याखेरीज यंत्र परत देऊ नये.

बोर्डाचा थर काळा पडून फुगला असेल, मॉस्फेटखालची तांब्याची वाट जळाली असेल किंवा इलेक्ट्रोलाइट सॉकेटच्या पिनांपर्यंत पोहोचला असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. माहिती हार्ड डिस्कवर असते, बोर्डवर नसते. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून आधी प्रत काढावी. तुलनेने नव्या यंत्रांत बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर बोर्ड बदलल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, म्हणून जुना बोर्ड कसाबसा चालू होत असतानाच ती मिळवून कागदावर लिहून ठेवावी.